नाईक: आडनाव की ओहदा?

नेहमीप्रमाणे हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. जिथे मी अडखळलो किंवा तेच तेच बोललो ते काढून टाकलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

सुरुवात आपल्या शहागंजमधूनच करू. मागच्या महिन्यात माझा कॉलेजचा एक मित्र सकाळी सकाळी घरी आला. त्याचं गाव कन्नड तालुक्यात, गौताळ्याच्या जंगलाला लागून. जात भिल्ल. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी पडून फाटायला आलेला एक कागद. कागद निजामाच्या काळातला, पूर्ण उर्दूत. मला म्हणाला, "तुमच्या शहागंजात उर्दू वाचणारं कुणीतरी असेलच ना? चल."

असतंच. घड्याळाच्या मनोऱ्यापासून दोन मिनिटांवर एका दुकानात एक चाचा बसतात. जुने खरेदीखत, जुन्या सनदा, लोक त्यांच्याकडे वाचायला आणतात. गेल्या दोन-तीन वर्षांत जुन्या नोंदींचा शोध जसा वाढला, तशी त्यांच्याकडची गर्दीही वाढली. चाचांनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला. साल फसली १३५२. फसलीत ५९० मिळवायचे, म्हणजे साधारण १९४२-४३. गावाचं नाव बरोबर. पणजोबांचं नाव बरोबर. पुढे जात लिहिलेली, "भील". मित्राने सुस्कारा सोडला, कारण जमातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा हवा असतो आणि हा तो होता.

पण चाचा थांबले. नावापुढे अजून एक शब्द होता. म्हणाले, "बेटा, यहाँ 'नायक' लिखा है. ये नाम है के ओहदा?"

मित्र हसला. कारण अगदी हाच प्रश्न त्याला एका कार्यालयात विचारून परत पाठवलं होतं. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं आहे, चुलत्यांच्या कागदावर "नाईक" आहे. टेबलापलीकडच्या माणसाचं म्हणणं, "नाईक तर बंजाऱ्यांतही असतात, मराठ्यांतही असतात, ब्राह्मणांतही असतात. शिवाय यादीत नाईकडा, नायका अशी वेगळी जमात आहे. मग तुम्ही नक्की कोण?"

उत्तर त्याच्या आजीला पाठ आहे. पणजोबा वस्तीचे नाईक होते, म्हणजे प्रमुख. पण हे कुठल्या कागदावर सिद्ध करायचं? आजचा भाग या प्रश्नाचा आहे. आदिवासींचा प्रमुख कोण हे कोण ठरवतं? आणि एकदा सरकारने ते ठरवायला घेतलं की त्या प्रमुखाचं आणि त्याच्या लोकांचं काय होतं?

घाटाचा राखणदार

आपल्यापैकी बहुतेकांनी कन्नडचा घाट पाहिलाय. म्हणजे त्यात अडकलो आहोत. चाळीसगावकडे उतरणारा हा रस्ता, नाव औट्रम घाट. २०२३ मध्ये हायकोर्टाने जड वाहनांना बंदी घालेपर्यंत तिथे तासन्‌तास ट्रकांच्या मागे बसणं हा आपला राष्ट्रीय छंद होता. बाजूचं जंगल म्हणजे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. हा औट्रम कोण, हे मला इंजिनीअरिंग संपेपर्यंत माहीत नव्हतं. त्याच्याकडे येतोच, पण आधी हा घाट त्याच्या आधी कुणाचा होता ते बघू.

सातमाळा-अजिंठ्याची ही डोंगररांग म्हणजे वरचं पठार आणि खालचा खानदेश यांच्यामधली भिंत. भिंतीला दरवाजे म्हणजे घाट, आणि घाटांवर भिल्ल नाईक. वाटेने जाणाऱ्या मालाचं रक्षण करायचं आणि त्याबद्दल हक्क घ्यायचा, ही जुनी रीत. खाली गावांमध्येही भिल्ल जागले असायचे. रात्रीची राखण, चोराचा माग काढणं हे त्यांचं काम आणि त्याबदल्यात गावाकडून धान्य, थोडे पैसे. नाईक हा त्यांचा पुढारी. मोहिमेत तो पुढे, वाटणीत तो न्याय करणार, भांडणात त्याचा शब्द. पद बहुतेक वेळा घराण्यात चालायचं, पण माणसं मागे उभी राहिली तरच नाईक. माणसं दुसऱ्याच्या मागे गेली की नाईकी संपली.

पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत ही घडी मोडली. होळकर-शिंद्यांच्या लढायांत खानदेश उजाड झाला, १८०३-०४ चा दुष्काळ पडला, गावं ओस पडली. गावच नाही तर जागल्याला धान्य कोण देणार? भिल्ल डोंगरात गेले आणि खाली उतरले ते लुटायला. त्यावर पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी शोधलेला उपाय भयंकर होता. कोपरगावला भिल्लांना बोलणी करायला म्हणून बोलावून घेतलं आणि दगा करून मारलं, असं गॅझेटिअरमध्ये नोंदलेलं आहे. नाईकांच्या मनात सरकारी बोलावण्याबद्दल जी भीती बसली ती तिथली.

यादी, पेन्शन आणि हमी

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज तिथला पोलिटिकल एजंट. त्याने दोन गोष्टी एकदम चालवल्या. डोंगरात फौजा पाठवायच्या, आणि जे नाईक खाली येतील त्यांना पेन्शन किंवा जमीन द्यायची. पेन्शनला अट होती. आपल्या माणसांना आवरायचं, आणि आपल्या हद्दीत दरोडा पडला तर उत्तर द्यायचं.

इथे जरा थांबू या. नाईकाला पूर्वीही पैसे मिळत होते. आता फरक काय पडला? पूर्वी हक्क गावाकडून आणि वाटेवरून यायचा. आता तो खजिन्यातून यायला लागला. रक्कम सारखीच धरली तरी धनी बदलला. गाव नाराज झालं तर हक्क थांबायचा. आता साहेब नाराज झाला तर पेन्शन थांबणार. आमच्या कामाच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिम तीच, युजर तोच, पण अ‍ॅडमिन राइट्स दुसऱ्याकडे गेले.

तरीही काही वर्षं बंडं चालूच राहिली. म्हणून १८२५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने मोठी योजना काढली. खानदेशात तीन भिल्ल एजन्स्या. एक वायव्येला कुकरमुंड्याला, एक ईशान्येला धरणगावला आणि तिसरी दक्षिणेला कन्नडला. हो, आपल्या कन्नडला. जामनेर, भडगाव, चाळीसगाव आणि या डोंगरातले भिल्ल तिच्याकडे. तिथला एजंट ओव्हान्स. धरणगावला भिल्ल पलटण उभी करायचं काम बावीस वर्षांच्या एका लेफ्टनंटकडे दिलं, तो जेम्स औट्रम. त्याने शिकारीच्या नादाने भिल्लांशी ओळख वाढवली, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या माणसांपासून सुरुवात केली आणि काही वर्षांत शेकडोंची पलटण उभी केली. काल ज्यांना पकडायला फौज जात होती, तेच आज गणवेश घालून दुसऱ्या भिल्लांना पकडायला जाऊ लागले.

एजंटांना दिलेल्या कामांची यादी वाचण्यासारखी आहे. भिल्लांच्या वसाहती वसवायच्या. नांगर-बैलांसाठी तगाई द्यायची. नाईकांचे हक्क तपासायचे. किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा स्वतः करायचा. आणि जमातीतल्या प्रत्येक माणसाची नोंदवही ठेवायची.

यातली शेवटची दोन कामं बघा. निवाडा आधी नाईक करत होता, आता एजंट करणार. माणसं कोणाची हे आधी सगळ्यांना माहीत होतं, आता ते वहीत लिहिलेलं असणार. तगाईमुळे लोकांचं भलं झालं हे नाकारता येत नाही. दुष्काळ आणि कत्तली बघितलेल्या लोकांना बैल मिळाले, पोरं जगली. पण नाईकाचा शब्द आता वहीच्या खाली आला.

जामीन मागितलेला नाईक

ही व्यवस्था कुठे तुटते ते १८५७ मध्ये दिसलं. दोन नावं सांगतो.

पहिलं भागोजी नाईक. अहमदनगरच्या पोलीस दलात अधिकारी होते. १८५५ मध्ये दंगा आणि पोलिसांना अडथळा केल्याबद्दल शिक्षा झाली. सुटल्यावर सरकारने त्यांच्याकडून वर्षभर चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली, जामीन घेऊन. विचार करा, ज्याच्या शब्दावर शेकडो माणसं चालतात त्याला स्वतःच्या चांगुलपणासाठी जामीनदार शोधायला लावलं. ४ ऑक्टोबर १८५७ ला सिन्नरजवळ नांदूर शिंगोट्याला भागोजींच्या माणसांशी लढताना इंग्रज पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. पुढची दोन वर्षं नगर, नाशिक आणि निजामाच्या हद्दीलगतच्या डोंगरात भागोजी लढत राहिले. नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर भागातच ते लढताना मारले गेले.

दुसरं खाज्या नाईक. सातपुड्यात सेंधव्याच्या घाटाची राखण त्यांच्याकडे होती, सरकारी नोकरीतच. एका माणसाच्या मृत्यूच्या प्रकरणात तुरुंगात गेले, सुटले, आणि १८५७ मध्ये भीमा नाईकांबरोबर बंडात उतरले. ११ एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली. त्यात माणसं मारली गेली, बायकांनाही पकडून नेलं.

दोघांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. दोघेही सरकारच्या यादीतलेच नाईक होते, पगार घेणारे. सरकारने त्यांना नेमलं, तपासलं, शिक्षा केली, परत घेतलं. आणि वेळ आली तेव्हा लोक त्यांच्यामागे गेले ते सरकारी नेमणूक होती म्हणून नव्हे. नाईकाला यादीत घालणं सरकारच्या हातात होतं. लोकांच्या मनातून त्याला काढणं हातात नव्हतं.

कायद्यात लिहिलेले पाडवी आणि वळवी

आता थोडं वर, नंदुरबारकडे जाऊ. सातपुड्यात अक्कलकुवा-तळोदा भागात मेवासी प्रमुखांची छोटी छोटी संस्थानं होती. इथे इंग्रजांनी वेगळा रस्ता घेतला. सामान्य कायदे इथे लावायचे नाहीत, प्रमुखाला त्याच्या जागी ठेवायचं आणि वर एक एजंट बसवायचा. १८७४ च्या शेड्यूल्ड डिस्ट्रिक्ट्स अ‍ॅक्टच्या परिशिष्टात या प्रमुखांची यादीच दिली आहे. काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे, नवलपूरचे पाडवी. संख्या सहा.

मजा पुढे आहे. हीच सहा नावं, जवळपास त्याच शब्दांत, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात परत येतात. भारत स्वतंत्र झाला, राज्यघटना लागू झाली, पाचवी अनुसूची आली, आणि मुंबई राज्यातली अनुसूचित क्षेत्रं कोणती हे सांगताना त्या आदेशात पश्चिम खानदेशसाठी लिहिलं गेलं की नवापूर पेठा, अक्राणी महाल आणि "या मेवासी प्रमुखांची गावं". म्हणजे १८७४ ची यादी ७६ वर्षांनी जशीच्या तशी पेस्ट केली. आम्ही जुना कोड उचलून नव्या प्रोजेक्टमध्ये टाकतो ना, तसंच.

पण त्या पेस्ट करण्यामुळे एक मोठी गोष्ट टिकली. ती गावं अनुसूचित क्षेत्र झाली. तिथे राज्यपालांना विशेष अधिकार आले, आदिवासींच्या जमिनीला जास्त संरक्षण आलं, आणि १९९६ चा पेसा कायदा आला तेव्हा तोही तिथे लागू झाला. काठीची राजवाडी होळी आजही हजारो लोक बघायला जातात. प्रमुखाचं राज्य गेलं, मान राहिला, आणि गावाला कायद्याचं छत्र मिळालं.

शेजारच्या डांगमध्ये तर अजून वेगळं चित्र. एकोणिसाव्या शतकात डांगचे राजे खानदेशच्या कलेक्टरच्या नजरेखाली होते. आज ते गुजरातमध्ये आहेत. १९७१ मध्ये देशातल्या मोठमोठ्या महाराजांचे तनखे बंद झाले, पण डांगच्या पाच भिल्ल राजांना दरवर्षी होळीच्या आधी आहव्याच्या डांग दरबारात सरकार अजूनही पेन्शन देतं. मिरवणूक निघते, राजे बग्गीत बसतात, फोटो निघतात. अंमल मात्र कलेक्टरचा.

मग कन्नडचं काय झालं?

आता परत मित्राच्या कागदाकडे. १८२५ च्या तीन एजन्स्यांपैकी एक कन्नडला होती म्हटलं ना? मग आज कन्नड तालुक्यात अनुसूचित क्षेत्र किती? शून्य. आपल्या अख्ख्या जिल्ह्यात एकही गाव नाही.

याचं कारण डोंगराच्या दोन बाजूंमध्ये आहे. खालचा खानदेश इंग्रजांचा, वरचं पठार निजामाचं. इंग्रजी कायद्यांची ती मालिका, १८७४, मग १९३५ चा कायदा, मग पाचवी अनुसूची, ही ब्रिटिश मुलखात चालली. निजामाच्या राज्यात आदिवासींकडे सरकारचं लक्ष खऱ्या अर्थाने गेलं ते १९४० नंतर, आणि तेही आदिलाबादकडे. तिथे कोमराम भीम यांनी गोंडांचा जमिनीसाठी, जंगलासाठी लढा उभारला आणि १९४० मध्ये जोडेघाटला ते पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ या मानवशास्त्रज्ञाला गोंडांमध्ये पाठवलं, जमिनीचे पट्टे दिले, आदिवासी भागांसाठी वेगळे नियम केले. १९५० मध्ये हैदराबाद राज्यातली अनुसूचित क्षेत्रं ठरली तेव्हा आदिलाबादचा पट्टा त्यात आला. किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, १९५६ मध्ये ते नांदेडला जोडलं गेलं. म्हणून आज मराठवाड्यात अनुसूचित क्षेत्र आहे ते फक्त किनवटच्या बाजूला.

हैदराबादच्या अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्ल होते. माणूस यादीत आला, त्याची जमीन यादीत आली नाही. १९८५ मध्ये महाराष्ट्राची अनुसूचित क्षेत्रं नव्याने जाहीर झाली तेव्हाही आपल्या जिल्ह्याचं नाव त्यात आलं नाही.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय? पेसा म्हणतो की गावाच्या परंपरा, चालीरीती, सामूहिक साधनं आणि भांडणं मिटवायची पारंपरिक पद्धत जपायला ग्रामसभा सक्षम आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्याचे नियम केले. पाड्याची वेगळी ग्रामसभा होऊ शकते. हे अक्कलकुव्याच्या भिल्लाला आहे. कन्नडच्या भिल्लाला नाही. तिथली वस्ती मोठ्या ग्रामपंचायतीत एक कोपरा, आणि मतं कमी म्हणून आवाज कमी. तोच समाज, तोच डोंगर, फक्त दोनशे वर्षांपूर्वीची हद्द वेगळी.

नाईक हवा की ग्रामसभा?

इथपर्यंत सांगून मी मित्राला म्हणालो, "म्हणजे सरकारने तुमचा नाईक मान्य करायला पाहिजे होता." मला वाटलं तो हो म्हणेल. तो म्हणाला, "आधी माझ्या आईला विचार."

आईंचं म्हणणं असं. नाईकाची बैठक बसायची तेव्हा बाया ओट्याखाली बसायच्या. बोलायची मुभा नव्हती. एका बाईला पंचांनी दंड केला, तिच्या बापाने बैल विकून भरला. "तो नाईक चांगला होता म्हणून बरं. त्याच्या आधीचा नव्हता. त्याला कोण विचारणार होतं?"

हे ऐकल्यावर माझा सोपा निष्कर्ष गेला. पंचांच्या मनमानीला वेसण घालायलाच महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, २०१६ चा, २०१७ पासून लागू. असा कायदा नसता तर त्या बाईने कुठे जायचं? तेव्हा प्रमुखावर देखरेख नकोच, हे म्हणणं मला पटत नाही.

प्रश्न आहे तो देखरेख कोणाची आणि कोणासाठी. १८१८ च्या पेन्शनमध्ये नाईक वर उत्तर देत होता, साहेबाला. साहेबाला हवं होतं ते इतकंच की घाट शांत राहावा. नाईक आपल्या बायाबापड्यांशी कसा वागतो याची कुठेच विचारणा नव्हती. दोनशे वर्षांत वरून बघणारे बदलले, एजंट गेला, कलेक्टर आला, समित्या आल्या, पण खालून विचारायची सोय फार थोड्या ठिकाणी झाली.

कन्नडसारख्या भागात ती सोय आज एकाच कायद्यात आहे, २००६ चा वनहक्क कायदा. त्याला अनुसूचित क्षेत्राची अट नाही. गावाची ग्रामसभा वनहक्क समिती निवडते, त्या समितीत बायकांसाठी एक तृतीयांश जागा असतात, दावे आधी ग्रामसभा तपासते, मग उपविभागीय आणि जिल्हा समितीकडे जातात. मित्राच्या वस्तीवर अशी समिती आहे. आई तिच्यात सदस्य आहेत. आणि आताचे नाईक, म्हणजे मित्राचे चुलते, तेही आहेत. बैठकीला दोघं एकाच सतरंजीवर बसतात. लग्न, मयत, घरातली भांडणं अजूनही नाईकाकडेच येतात. पण जंगलाच्या दाव्यावर चुलत्यांच्या सहीइतकीच आईच्या अंगठ्याला किंमत आहे.

शेवटी, तो कागद

त्या दिवशी चाचांनी कागदाखाली मराठीत भाषांतर लिहून दिलं. "नायक" या शब्दापाशी पेन थांबलं. म्हणाले, "क्या लिखूँ?"

मित्राने जरा विचार केला आणि सांगितलं, "ओहदा लिखो, चाचा."

मी त्याला बाहेर आल्यावर विचारलं, अरे, आडनाव लिहिलं असतं तर चुलत्यांच्या कागदाशी जुळलं असतं, काम सोपं झालं असतं. तो म्हणाला, "पणजोबांचं आडनाव दुसरं होतं. ते नाईक होते कारण वस्तीने मानलं होतं. ते खोडून मी माझा दाखला कसा काढू?"

दाखला अजून आलेला नाही. पुरावा पुरेसा आहे, तारीख पडलीय. आला की पुढच्या एखाद्या भागात सांगेनच.

तुमच्या घरी निजामकाळातला असा एखादा कागद असेल, ज्यावर पूर्वजांच्या नावापुढे एखादं पद लिहिलंय, जागल्या, नाईक, गायता, महाजन, काहीही, तर कळवा. आणि पुढच्या वेळी कन्नडच्या घाटात गाडी अडकली तर खिडकीतून डोंगराकडे बघा. पाटीवर औट्रमचं नाव आहे, पण त्याच्या आधी कित्येक पिढ्या ही वाट ज्यांनी राखली त्यांचं नाव पाटीवर नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार.